प्रकल्पासाठी स्वतंत्र संस्था हवी की खात्याचीच चौकट पुरे? कोकण रेल्वेच्या निमित्ताने चर्चा

प्रस्ताव

मोठा प्रकल्प वेळेत पुरा व्हायचा असेल, तर तो चालू खात्याच्या उतरंडीत न ठेवता त्यासाठी स्वतंत्र संस्था उभारावी आणि पैशाचे व निर्णयाचे अधिकार कामाच्या जागी असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग महाड, उत्तर रत्नागिरी, दक्षिण रत्नागिरी, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटून प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याकडे सोपवण्यात आला.

या रचनेचे मोल कळायला खात्यातील नेहमीची रीत आठवावी. पुलाच्या पायासाठी खोदताना खडक अपेक्षेपेक्षा खोल लागला, की सुधारित अंदाजपत्रक विभागीय कार्यालयातून मुख्यालयात जाते, तेथून वित्त शाखेकडे जाते आणि प्रत्येक टेबलावर एकेक शेरा घेऊन पुन्हा खाली येते. तोवर पाऊस सुरू होतो आणि कोकणात एक पावसाळा म्हणजे कामाचे चार महिने गेलेच. महामंडळाने भांडवलाचा मोठा भाग कर्जरोख्यांतून उभारला होता, त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या दिरंगाईचे व्याज त्याच्याच डोक्यावर चढत होते. खात्यामागे असा तगादा कधीच नसतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल या मार्गावर आहेत, आणि तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. याचे सारे श्रेय महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन यांच्या व्यक्तिमत्त्वाला देऊन मोकळे होणे मला पटत नाही, कारण तेच श्रीधरन विभागीय रेल्वेत मुख्य अभियंता म्हणून बसले असते, तर त्यांच्याही नस्त्या त्याच टेबलांवरून फिरल्या असत्या.

प्रतिसाद : एक निवृत्त स्थापत्य अभियंता

आपण हिशेब १९९८ वर थांबवला, तो मला मान्य नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडींमुळे गाड्या घसरल्या आणि माणसे गेली. त्यानंतर उतार कमी करणे, जाळ्या बसवणे, पावसाळी गस्त वाढवणे आणि गाड्यांचा वेग उतरवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घ्यावी लागली. आजही या मार्गावर पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते.

माझा आक्षेप रचनेवरच आहे. प्रकल्पसंस्थेत बरेचसे लोक प्रतिनियुक्तीवर येतात आणि काम संपले की आपापल्या मूळ खात्यात परततात. ज्याने डोंगर कापला, त्या कापाखालून पहिल्या पावसात गस्त घालणारा माणूस दुसराच असतो, आणि कोणत्या थरात माती भुसभुशीत लागली होती, पाणी कोठून झिरपत होते, हे त्याला कागदावरून जेवढे समजेल तेवढेच. खाते संथ असते हे खरे, पण त्याची स्मृती दीर्घ असते. गोव्यातील पेडण्याचा बोगदा ओल्या, मऊ मातीमुळे बांधतानाच वर्षानुवर्षे अडला होता आणि जुलै २०२४ मध्ये तेथेच पाणी शिरून वाहतूक बंद पडली. मुदतीच्या धाकाने पळणाऱ्या संस्थेला असे दुखणे ‘तूर्त निभावले’ एवढ्यावर सोडून द्यावेसे वाटते.

प्रतिसाद : पुण्यातील एक सॉफ्टवेअर प्रकल्प व्यवस्थापक

आपण दोघेही दोन टोके मांडत आहात. आमच्यासारख्यांचे आयुष्य मधल्या रचनेत जाते, जिला मॅट्रिक्स म्हणतात : माणूस आपल्या विभागातच राहतो, पण काम प्रकल्प व्यवस्थापकासाठी करतो. दोन्हींचे गुण घेण्यासाठी ती काढली गेली, पण माझ्या अनुभवात दोन्हींचे दोषच अधिक पदरी पडतात. चाचणी विभागातील एक मुलगी कागदावर निम्मा वेळ माझ्या प्रकल्पावर आणि निम्मा दुसऱ्यावर असते. दोन्हीकडे रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकाला देण्याची वेळ, एकाच आठवड्यात येते, तेव्हा ती दोन्हीकडे पूर्ण वेळ राबते, आणि वर्षअखेरीस तिचे मूल्यमापन तिचा विभागप्रमुख करतो, ज्याने तिचे काम जवळून पाहिलेलेच नसते. मला तिच्या कामाची जबाबदारी आहे, पण तिच्या बढतीबद्दल माझे मत विचारात घ्यावे असे बंधन कोणावर नाही. म्हणून मी प्रस्तावाच्या बाजूने आहे.

प्रतिसाद : लेखापरीक्षण क्षेत्रातील एक वाचक

जागेवरच्या अधिकाऱ्याला खर्चाचे अधिकार जरूर द्या, पण त्याच्या निर्णयाची कारणे त्याच दिवशी लिहून ठेवण्याची सक्तीही करा. त्या टेबलांवरच्या शेऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पाच वर्षांनी प्रश्न उपस्थित होतो, तेव्हा प्रामाणिक अभियंत्याला तोच शेरा वाचवतो.

प्रस्तावकाचे उत्तर

स्मृतीचा मुद्दा या चर्चेतील सर्वांत वजनदार मुद्दा आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून प्रकल्प खात्याकडे परत द्यावा, हे मला मान्य नाही. बांधकामाच्या मुख्य अभियंत्याला मार्ग सुरू झाल्यावरचे पहिले तीन पावसाळे त्याच विभागात ठेवावे आणि त्याची पुढील बढती मुदत पाळण्याइतकीच या तीन वर्षांतील दरडींच्या नोंदींवर अवलंबून असावी, एवढा बदल मी सुचवीन.

प्रतिसाद : निवृत्त स्थापत्य अभियंता

तीन पावसाळे फार थोडे आहेत. वैभववाडीची दरड मार्ग सुरू झाल्यानंतर पाच वर्षांनी आली. शिवाय रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, तरी पुढचा बहुतेक मार्ग एकेरीच आहे, कारण कर्ज फेडण्यासाठी घडवलेल्या संस्थेकडे विस्तारासाठी भांडवल उरत नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली, ती याच गरजेपोटी. बांधणारी संस्था किती वर्षांनी आणि कोणाच्या स्वाधीन करायची, हे तिच्या स्थापनेच्या करारातच लिहिले पाहिजे, या अटीवर मी आपल्या प्रस्तावाला पाठिंबा देईन, त्याशिवाय नाही.