शब्दचर्चा : माणसाच्या प्रेमात पडलेल्या ‘त्याला’ म्हणायचं काय? राक्षस, दैत्य, दानव की असुर?

उद्यमनगर
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. हल्ली डार्क फँटसी म्हणतात त्या जातीची, पण मुळात प्रेमकथाच. नायिका कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत हिशेब लिहिते. रात्रपाळीला भट्टीवर एक गडी येतो. त्याला हातमोजे लागत नाहीत. ओतकाम चालू असताना लॅडलमधून, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्यातून, उडालेली ठिणगी मनगटावर पडली तरी तो झटकत नाही, तिच्याकडं बघत राहतो. तो माणूस नाही हे वाचकाला दुसऱ्या प्रकरणात कळतं. तिला कळायला पाचवं उजाडतं आणि तोवर तिचं मन पुरतं गुंतलेलं असतं.

आतापर्यंत ‘तो’, ‘त्याला’, ‘त्याचं’ यावर निभावलं. आता ती तोंडावर विचारते, ‘कोण आहेस तू?’ आणि त्याला एका शब्दात उत्तर द्यायचं आहे. राक्षस लिहून बघितलं, खोडलं. दैत्य लिहिलं, तेही खोडलं. पिशाच्च, वेताळ, खवीस, सैतान हे सगळे रांगेत उभे आहेत. कुठला शब्द बसेल आणि का, ते सांगा. नुसतं ‘मला आवडतो’ नको.

काकवी
राक्षस नकोच. शब्द वाईट आहे म्हणून नव्हे, झिजलाय म्हणून. ‘राक्षसागत खातंय पोरगं’, ‘राक्षसी बहुमत’, स्नेहसंमेलनातल्या पुठ्ठ्याच्या मिशा. एवढं सगळं अंगावर घेऊन तो गडी ‘मी राक्षस आहे’ म्हणाला तर तुमच्या नायिकेच्या आधी वाचक हसेल. दैत्याचंही तेच, तो आता फक्त आकाराला उरला. दैत्याकार क्रेन, दैत्याकार लाट. ‘दानव’ तेवढा जरा कोरा आहे, पण तो बोलण्यात येतच नाही. आला तरी ‘मानव की दानव’ अशा यमकात अडकतो.

पांढरा रस्सा
खवीस घ्या की ओ! आमच्या आजीचा खवीस लई देखणा होता. घोड्यावरनं यायचा, पांढरी कापडं.

काकवी
रस्सा, खवीस म्हणजे मेलेला माणूस. मूळ शब्द अरबी, अर्थ दुष्ट, अपवित्र असा. इथं तो भूत होऊन बसला. समंध, मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस हे सगळे त्याच रांगेतले, आधी माणूस होते, वासना राहिली म्हणून अडकले. भूत या शब्दाचाच अर्थ ‘होऊन गेलेलं’. अशाशी प्रेम म्हणजे भूतकथा. प्रश्नकर्तीचा नायक कधी माणूस नव्हताच, हा फरक मोठा आहे. सैतान तर बाहेरचा पाहुणा, तोही अरबीतून आलेला, आणि तो एकटाच आहे. त्याला ना आईबाप, ना भाऊबंद.

तिकटी
‘भाऊबंद’ या शब्दावर जरा थांबूया, कारण निवड तिथंच होते असं मला वाटतं.

दैत्य म्हणजे दितीची मुलं. दानव म्हणजे दनूची मुलं. बाप दोघांचा एकच, कश्यप. आणि अदितीची मुलं ती आदित्य, म्हणजे देव. ही सरळ सावत्र भावांची भांडणं आहेत. म्हणजे दैत्य आणि दानव ही कुळाची नावं आहेत, तीही आईकडून आलेली. असुर हे त्या सगळ्यांना मिळून सरसकट लागणारं नाव. ते तर मुळात शिवीही नव्हतं. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलं आहे. असु म्हणजे प्राण, त्यावरून बलवान, प्राणवान असा काहीसा अर्थ. ‘सुर नाही तो असुर’ ही फोड पुढं बसवलेली.

उलट पिशाच म्हणजे मांस खाणारा. राक्षसाची रामायणाच्या उत्तरकांडातली फोड अशी की पाण्याचं रक्षण करायला प्राणी निर्माण केले, त्यातले ‘रक्षाम’ म्हणाले ते राक्षस आणि ‘यक्षाम’ म्हणाले ते यक्ष. म्हणजे ही नावं काय करतो त्यावरून पडली, कुणाचा आहे यावरून नव्हे.

आता लग्नाच्या आठ प्रकारांची जुनी यादी काढा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मारझोड करून, रडत-ओरडत असलेली मुलगी पळवून आणली तर तो राक्षस विवाह. झोपेत, नशेत असताना गाठली तर पैशाच, आणि तो सर्वांत नीच. पैसे मोजून आणली तर आसुर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं तर गांधर्व. डार्क रोमान्स म्हणून जे लिहिलं जातं त्यातलं निम्मं पळवून नेण्यावर चालतं. तुमची कथा तशी असेल तर खुशाल राक्षस लिहा, शब्द अचूक बसेल. पण तिच्या मनानं ती जात असेल तर तो शब्द आल्याबरोबर जुनी जबरदस्ती सोबत येते.

बिंदू चौक
तिकटी, हिडिंबेचं काय? राक्षसीच ती. भीमाला खायला आली आणि प्रेमात पडली. भावाला मारणाऱ्याशी लग्न केलं. आणि अट कसली, तर दिवसा दोघांनी कुठंही हिंडायचं, रात्री भीमाला आणून परत सोडायचं, आणि मुलगा होईपर्यंतच. घटोत्कच झाला, करार संपला. जबरदस्ती कुठं आहे? आहे ती पांडवांकडूनच वापरून घेणं. तुम्हाला डार्क पाहिजे ना, यापेक्षा डार्क काय?

तिकटी
मान्य. पण ती नांदली नाही, हे लक्षात घ्या. मूल ठेवून घेतलं, लढाईत कामी आणलं. सुनेचं स्थान तिला कुणी दिलं नाही. त्याच महाभारतात शर्मिष्ठा बघा. वृषपर्व्याची मुलगी, म्हणजे असुरांच्या राजाची. ययातीपासून तिला पुरू झाला आणि राज्य पुरूला मिळालं. कौरव-पांडव त्याच वंशातले. म्हणजे ज्या घराण्याच्या भांडणावर आख्खं महाभारत उभं आहे, त्यांची मूळ आजी असुरकन्या. आणि ही गोष्ट वि. स. खांडेकरांनी कोल्हापुरात राहून लिहिली. ‘ययाति’ 1959 ची, ज्ञानपीठ 1974 चं. त्यातली शर्मिष्ठा वाचताना ती माणूस नाही असं कुणाच्या मनात तरी येतं का?

दुसरी उषा. बाणासुराची मुलगी. स्वप्नात एक तरुण दिसला, चित्रलेखेनं चित्रं काढून दाखवली, तो कृष्णाचा नातू अनिरुद्ध निघाला. त्याला उचलून आणलं, युद्ध झालं आणि शेवटी सून म्हणून द्वारकेला नेलं. इथं पळवलेला मुलगा आहे, ही गंमत वेगळीच. सोयरीक असुरांशी झालेली आहे. तेव्हा माझं मत असुर.

गुऱ्हाळ
पण ‘आसुरी आनंद’ म्हणतो ना आपण? दुसऱ्याला छळून मिळतो तो. पेपरात महागाईचा भस्मासुर रोज असतो. असुर काही फार सोवळा शब्द नाही.

तिकटी
सोवळा नकोच आहे. थोडी भीती उरली पाहिजे, नाहीतर प्रेमकथा राहील आणि डार्क जाईल. आणि विशेषण एक सांगतं, नाम दुसरंच सांगतं. ‘आसुरी’मध्ये कृत्य आहे, ‘असुर’मध्ये माणूस आहे. माणूस म्हणजे, तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

टेंबलाईचा
अहो, कोल्हापुरात बसून असुर शब्दावर एवढा खल? गावाचं नाव काय आहे आपल्या?

कथा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी शब्दांसाठी परत सांगतो. पोरं मारली गेली म्हणून कोल्हासुर पेटला. त्यानं तपानं देवीला प्रसन्न केलं आणि शंभर वर्षं हे क्षेत्र सोडून जा म्हणून मागितलं. ती गेली! शब्द दिला होता म्हणून शंभर वर्षं लांब राहिली. परत आली आणि त्याला मारलं. मरताना त्यानं मागितलं की या गावाला माझं नाव राहू दे. तेही दिलं. आता मला सांगा, ज्याला मारलं त्याचं नाव आपल्या घराच्या पाटीवर कोण लावून घेतं? आजही अंबाबाईचा पत्ता सांगताना तोंडात आधी असुराचं नाव येतं. (नावाच्या इतर व्युत्पत्त्या आहेत, पण गाव ही गोष्ट सांगतं.)

नवरात्रातल्या ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर येते. कोल्हासुराच्या पोरानं, कामाक्षानं, योगदंडानं सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं होतं. त्र्यंबोलीनं, म्हणजे आमच्या टेंबलाईनं, तो दंड काढून घेऊन त्याला मारलं. विजयाच्या सोहळ्याला हिलाच बोलवायचं राहिलं म्हणून ही रुसून टेकडीवर बसली. तिचा रुसवा काढायला अंबाबाई येते आणि कुमारिकेच्या हातनं कोहळा फोडला जातो. कोहळा म्हणजे तो असुर. फुटल्या फुटल्या लोक तुकड्यासाठी तुटून पडतात. कशासाठी? घरी न्यायला! माझ्या चुलत्यानं एकदा बंडीची बाही फाडून घेतली पण तुकडा सोडला नाही. असुराचा तुकडा शुभ म्हणून घरात ठेवणारं गाव आहे हे. तुमचा फौंड्रीतला गडी असुरच असणार, दुसरं कोण?

पांढरा रस्सा
हे एक नंबर. खवीस मागं घेतला.

गुऱ्हाळ
टेंबलाईचे भाऊ, पटलं. आणि हे एका गावापुरतं नाही. म्हैसूर महिषासुराचं, गया गयासुराची. खंडोबाला मल्हारी म्हणतो त्यात मल्ल दैत्याचं नाव आधी आहे. बलिप्रतिपदेला घरोघरी ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. बळी कोण? दैत्यांचा राजा, प्रल्हादाचा नातू, वर तिकटींनी सांगितलेल्या उषेचा आजा. दैत्याचं राज्य परत येऊ दे म्हणून आपण दिवे लावतो. फुल्यांनी ‘गुलामगिरी’त, 1873 साली, हाच बळी शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभा केला.

आणि एक, भट्टीवरून आठवलं. झारखंडात असुर नावाचा आदिवासी समाज आहे, आजही. दगडातून लोखंड गाळणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि महिषासुराला ते पूर्वज मानतात. तुम्ही नायकाला फौंड्रीत ठेवलंत ते मुद्दाम की आपसूक? मात्र हा शब्द जिवंत माणसांचं नाव आहे याचं भान ठेवून लिहा. शिंगं, सुळे, लाळ असलं काही चिकटवू नका.

मूळ नक्षत्र
सगळे पुराणात गेलात म्हणून घरातलं सांगते. मनुष्य आणि राक्षस यांच्या लग्नाची चर्चा आपल्याकडं दर रविवारी चहापोह्यांसोबत चालते. पत्रिकेत गण तीन. देव, मनुष्य, राक्षस. सत्तावीस नक्षत्रांत प्रत्येकाच्या वाट्याला नऊ. कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा, शततारका यांवर जन्मलात की राक्षसगण. छत्तीस गुणांतले सहा गणाचे. मुलगा मनुष्यगणी, मुलगी राक्षसगणी असली की मध्यस्थ चष्मा पुसायला लागतो. मी राक्षसगणी आहे. माझ्या सासूबाई अजूनही भांडण झालं की ‘गण दाखवला’ म्हणतात. तेव्हा राक्षस हा शब्द अगदीच झिजला असं नका म्हणू. नायिकेच्या तोंडी द्या. आई विचारेल, ‘गण कुठला पोराचा?’ आणि ती म्हणेल, ‘राक्षस.’ आई म्हणेल, ‘बघू, गुण किती जुळतात ते.’

काकवी
हे तर कथेत यायलाच पाहिजे!

उद्यमनगर
येणार. सासूबाईंना श्रेयनामावलीत घेते.

असुर पक्का. पण आता दुसरी बाजू. तिला जे होतं त्याला काय म्हणू? ‘प्रेमात पडली’ फार गुळमुळीत होतंय.

तिकटी
झपाटणं. पछाडणं. वेड लागणं. पिसं लागणं. मराठीत प्रेमाचे निम्मे शब्द बाधेचेच आहेत, वेगळं शोधायला नको. एकनाथांच्या भारुडात विठ्ठलालाच ‘जबर मोठं भूत’ केलंय, ध्रुवाला लागलं, नारदाला लागलं म्हणून सांगितलंय. भक्तीला चालतं ते प्रीतीला का नाही?

टेंबलाईचा
आमच्याकडं लागीर म्हणतात. ‘तिला लागीर झालंय.’ पोरगी जेवंना, बोलंना, उगाच हसाय लागली की आयाबाया हेच म्हणणार. मग उतारा, लिंबू, नारळ. तुमच्या कथेत ‘लागीर’ दोन्ही अर्थानं खरं ठरतंय, तेवढा एक शब्द पुरे. फक्त ज्याचं लागलंय तोच दारात भात-अंड्याचा उतारा ओलांडून येतोय असं दाखवा म्हणजे झालं.

बिंदू चौक
त्याची भाषा कशी ठेवणार? कृपा करून ‘हे मानवकन्ये’ नको. हजार वर्षं इथंच राहिलाय तर इथलंच बोलणार. आणि तिच्या तोंडी ‘मी जाते, मी येते’ घालू नका. आपल्याकडच्या बाया ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात, ते ठेवा. पुण्याच्या संपादकानं बदललं तर भांडा.

उद्यमनगर
एवढ्यावरून तो प्रसंग असा झाला:

‘कोण हाईस तू?’
‘असुर.’
ती हिशेबाची वही मिटत नाही. ‘कुणातला?’
‘हितलाच. गावाचं नाव आमच्या थोरल्याचं हाय.’
‘मग मी जातो आता,’ ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.

‘कुणातला’ मुद्दाम ठेवलंय. या प्रश्नावर इथं किती लग्नं मोडतात ते सांगायला नको. त्याला शिंगं लागत नाहीत.

मूळ नक्षत्र
‘थोरल्याचं’ झकास.

काकवी
मुद्रितशोधनाचं एक. असुर, कोल्हासुर, भस्मासुर यांतला ‘सु’ ऱ्हस्वच. शब्द तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून मधुर, अंकुर, कुसुम यांच्यासारखा चालतो, फूल-मूल यांच्यासारखा नाही. पाट्यांवर आणि पेपरात सर्रास ‘असूर’ दिसतं, अंकवाले तसं छापतील. आधीच सांगून ठेवा.

उद्यमनगर
सांगते. आणि असुराची बायको असुरी, असुरीण की नुसती असुराची? सहाव्या प्रकरणात लागणार आहे.

टेंबलाईचा
आधी अक्षता पडूद्यात की!