एक मॅच जिंकली अन् १९९९ बाहेर आलं: युनायटेडवाल्यांनी जुनं पुराण बंद करावं का?

आर्वीचा_कॉप

रविवारी, १९ ऑक्टोबर २०२५ ला, आमच्या लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर मँचेस्टर युनायटेड २-१ जिंकलं. जिंकलं तं जिंकलं, मान्य. याच्या आधी तिथं जिंकले होते जानेवारी २०१६ मध्ये, रूनीच्या गोलवर. म्हणजे पावणेदहा वर्षांत एकदा. पण नरक चतुर्दशीचं उटणं लागायच्या आधीच सगळ्यांच्या स्टेटसवर काय? रविवारी गोल करणारा एम्बेउमो नाही, मॅग्वायर नाही. बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला सोल्शायरचा १९९९ चा गोल, जुना मॅनेजर फर्ग्युसनचं घड्याळ अन् लीगचे ‘वीस टायटल’. बाप्पा, वीस आमचेही आहेत. आमचं विसावं एप्रिल २०२५ चं, तुमचं एप्रिल २०१३ चं.

चेष्टा राहू द्या बाजूला. युनायटेडमध्ये जुन्या आठवणी नुसत्या भिंतीवर टांगलेल्या नाहीत, त्याच निर्णय घेतात. फर्ग्युसननं जाताना मॅनेजर म्हणून मोयेसचं नाव पुढं केलं, यांनी त्याले सहा वर्षांचा करार देला अन् दहा महिन्यांत काढला. त्या मोसमात सातवे. मग सोल्शायर: डिसेंबर २०१८ मध्ये तात्पुरता आणला, १९ पैकी १४ मॅच जिंकला. तिथंच थांबून मोसम संपू द्यायचा होता. पण जुना हिरो, स्टेडियममध्ये गाणी, मार्चमध्येच कायम करून टाकला. शेवटच्या दिवशी आधीच खाली गेलेल्या कार्डिफनं यायले घरात ०-२ हाणलं, अन् नंबर सहावा.

सगळ्यात महाग पडला तो परत आणलेला जुना हिरो रोनाल्डो. ऑगस्ट २०२१, वय ३६. त्यानं लीगमध्ये १८ गोल केले, कोणी नाही म्हणत नाही. पण आदल्या मोसमात टीमचे ७३ गोल होते, त्या मोसमात ५७. पॉइंट ७४ वरून ५८. पुढचा माणूस प्रेस करत नसला, म्हणजे बॉल हिसकायले समोरच्याच्या अंगावर धावत नसला, की मागच्या दहांनी दहा पावलं मागं सरकावं लागते, अन् मधात वावरभर जागा मोकळी होते. त्याच मोसमात आमी यायच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ५-० केलं ते त्याच जागेतून.

लालभडक_दारव्हा

कॉपभाऊ, अर्धाच हिशोब मांडला तुम्ही. आठवणींनी टीम बुडत नसते, पैशानं बुडते. २००५ मध्ये ग्लेझर घराण्यानं क्लब घेतला, सुमारे ७९ कोटी पौंडांना. त्यातली मोठी रक्कम उसनी, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. तेव्हापासून व्याज तिकिटांच्या आणि जर्सीच्या कमाईतून जातं. फर्ग्युसन होता तोवर हे झाकलं गेलं, कारण कमी पैशात टीम कशी उभी करायची हे त्याला कळत होतं.

दुसरं, मार्च २०२१ पर्यंत या क्लबला फुटबॉल डायरेक्टरच नव्हता. खरेदी बँकेतून आलेला वुडवर्ड पाहायचा. मॅनेजर बदलला की खेळाडूंची जातच बदलायची: वान हालला बॉल धरून ठेवणारे हवे, मोरिन्योला धिप्पाड, टेन हागला आयाक्सचे. पोग्बा ८.९ कोटी पौंड, मॅग्वायर ८ कोटी, अँटनी साडेनऊ कोटी युरो. आणि घरचा मॅकटॉमिने २०२४ मध्ये नापोलीला विकला, तो पहिल्याच वर्षी इटलीची लीग जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. यात १९९९ कुठं आलं?

आणि तुमचं काय हो? १९९० नंतर ३० वर्षं लीग नाही. १९९१ मध्ये जुना खेळाडू सूनेस मॅनेजर. २०११ मध्ये परत जुना हिरो डाल्ग्लिश, पुढच्या मोसमात आठवे. तीस वर्षं शँकली आणि पेस्ली हे जुने मॅनेजर, इस्तंबूलची फायनल ऐकवलंच ना आम्हाला?

आर्वीचा_कॉप

ऐकवलं, म्हणूनच तं सांगतो. आमची सुटका जुन्या माणसानं नाही केली. २०१० मध्ये मालक बदलले, २०१५ च्या ऑक्टोबरात मॅनेजर क्लॉप आला, २०१६ मध्ये एडवर्ड्स स्पोर्टिंग डायरेक्टर झाला. कुटिन्योले जानेवारी २०१८ मध्ये बार्सिलोनाले विकलं; त्याच महिन्यात बचावातला वान डाइक साडेसात कोटीत आला, उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन. एक गाजलेला विकला अन् ज्या दोन जागा गळत होत्या त्याच बुजवल्या. तुमी २०२५ च्या उन्हाळ्यात काय केलं? कुन्या, एम्बेउमो, शेश्को, तिघंही पुढचे. मधला एकही नाही.

पुसद_गनर

गळण्याची गोष्ट निघाली म्हणून: मे २०२४ मध्ये आम्ही आर्सेनलवाले ओल्ड ट्रॅफर्डवर १-० जिंकलो, तेव्हा मॅच संपल्यावर छतातून अशी धार लागली होती की आपली झेडपीची शाळा बरी. आता म्हणे एक लाख खुर्च्यांचं नवं स्टेडियम बांधणार. आधी कवेलू फेरा.

बाकी आठ मॅच झाल्यावर टेबल असं: आर्सेनल १९, लिव्हरपूल १५, युनायटेड १३. चालू द्या तुमचं.

देवळी_विंगर

गनरदादा, तुमची शेवटची लीग २००३-०४ ची. ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ बरोबरीत, हार शून्य, पाठ झालं आहे आता. आणि आता मागचे लागोपाठ तीन मोसम दुसरा नंबर. ऑक्टोबरात टेबल दाखवणारा माणूस मे महिन्यात फोन बंद करतो. आणि ऑगस्ट २०११ मध्ये युनायटेडकडून खाल्लेले ८-२ विसरू नका.

डावाबॅक_वरोरा

पैसा अन् पुराण दोन्ही बाजूला ठेवा, मैदानावर पाहा. २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधराव्या नंबरवर का गेलं? ४२ पॉइंट, १८ हार, ४४ गोल केले, ५४ खाल्ले. मॅनेजर अमोरिम नोव्हेंबरात, चालू मोसमात आला अन् ३-४-२-१ लावलं: मागं तीन, मधात दोघं अन् त्यायच्या दोन बाजूले लाइनभर पळणारे विंगबॅक, पुढं तिघं. टीम मात्र ४-२-३-१ साठी घेतलेली. विंगबॅक नाहीच, डोर्गू जानेवारीच्या बाजारात घेतला, तोवर राइट-बॅक अन् विंगर त्या जागी रेटले.

खरा घोळ मधात आहे. या रचनेत मधात दोघंच: कॅसेमिरो ३३ वर्षांचा अन् ब्रुनो, जो मुळात पुढं खेळणारा. समोरच्यानं तिघं लावले की एक जण मोकळा. त्याले धरायचं कोणी? बाजूचा सेंटर-बॅक वर आला तर त्याच्या मागची जागा उघडी पडते. पुढच्या दोघांपैकी एक खाली आला तर बॉल जिंकल्यावर पास द्यायले पुढं कोणी उरत नाही. विंगबॅक आत सरकला तर लाइनवरचा विंगर मोकाट. तीनपैकी कोणतंही चालते, फक्त ते पाचही जणांनी एकाच क्षणी केलं पाहिजे. एक जण दोन सेकंद उशिरा निघाला की गोल. ऑगस्टात चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीनं हाफटाइमच्या आतच २-० केलं. पुढं २-२ झालं, पण पेनल्टीत १२-११ नं घरी पाठवलं.

रविवारी काय बदललं? गोलकीपर लॅमेन्सनं बॉल मधातून फिरवत न बसता लांब पाठवले, म्हणजे मधल्या दोघांवर ताणच आला नाही. तरी गाकपोचे तीन शॉट खांब-दांडीले लागले. ते एखाद-दोन आत गेले असते तर हा धागा उलटा निघाला असता.

(गावच्या टुर्नामेंटमध्ये हे मागं-तीन लावायले जाऊ नका. विंगबॅकले पूर्ण लाइन दोन्हीकडून पळावी लागते, अन् आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर ऑक्टोबरच्या उन्हात तो विसाव्या मिनिटाले कमरेवर हात ठेवून उभा राहते.)

लालभडक_दारव्हा

वरोरावाले, निदान बरोबर, पण त्यावर रचनाच बदला म्हणाल तर ते औषध चूक. सिस्टम बदलली की पुन्हा सहा-सात खेळाडू निकामी, पुन्हा बाजार, पुन्हा तेच. आतापर्यंत तेच होत आलं. बचावाच्या पुढं उभा राहणारा एक तगडा मिडफिल्डर घ्या, कॅसेमिरोला साठ मिनिटं वापरा, रचना तीच ठेवा. संडरलँड आणि लिव्हरपूल या अमोरिमच्या लीगमधल्या पहिल्याच लागोपाठ दोन विजयाच्या मॅच आहेत, हे खरं. अकरा महिने लागले, तेही खरं. पण जुलै २०२४ मध्ये टेन हागचा करार वाढवून ऑक्टोबरात काढला, डायरेक्टर ॲशवर्थ पाच महिन्यांत गेला. कोणाला तरी टिकू द्या.

आर्वीचा_कॉप

टिकू द्या, आमची तं मनापासून इच्छा आहे. दहा वर्षं टिकू द्या.

देवळी_विंगर

कॉपभाऊ, पॅलेस, गलातासराय, चेल्सी, युनायटेड. लागोपाठ चार हार. इसाक साडेबारा कोटी पौंडांचा, विर्ट्झ दहा कोटींच्या वर. तुमच्याकडंही गळून रायलं वाटते, अन् एवढा पैसा ओतून.

आर्वीचा_कॉप

त्याचं कारण वेगळं. राइट-बॅक अलेक्झांडर-अर्नोल्ड गेल्यावर उजवीकडून पहिला पास देणारा राहिला नाही, म्हणून सालाहले बॉल उशिरा मिळते, अन् मिळते तवा दोघं अंगावर असतात. अन् रविवारचा पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाले झाला, आमचा मॅकॲलिस्टर डोक्याले लागून खाली पडला होता, रेफ्रीनं खेळ थांबवला नाही.

लालभडक_दारव्हा

तो तुमच्याच वान डाइकला धडकून पडला होता, तेवढं सांगायचं राहिलं. आणि दुसरा गोल? ८४ व्या मिनिटाला ब्रुनोचा क्रॉस, मॅग्वायर मोकळा. ज्याच्यावर तुम्ही सहा वर्षं मीम केले तोच.

काटोल_जुनाखेळाडू

पोरांनो, लिव्हरपूलनं युनायटेडला हाणलेल्या ७-० वरून हसा, ग्रिम्सबीवरून हसा, छतावरून हसा. पण खालच्या दोन कमेंटमध्ये विमानाचं चित्र टाकलं आहे, ते काढा. म्युनिकचा विमान अपघात, ६ फेब्रुवारी १९५८: २३ माणसं गेली, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू. आणि उत्तर म्हणून कोणी हिल्सबरोवर जाऊ नका, तिथं स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. जुलैत गेलेल्या लिव्हरपूलच्या जोटाचंही तेच. इंग्लंडच्या मैदानात असं गाणं म्हणणाऱ्यांवर बंदी येते, पोलिस केस होते. आपल्या इथं कोणी धरणार नाही म्हणून टाकायचं, असं नाही.

देवळी_विंगर

काढलं काका. ते पोरगं नवीन आहे, त्याला म्युनिक काय हेच माहीत नव्हतं.

पुसद_गनर

मग आता त्याला १९५८ कोणी सांगायचं? जुनं पुराण बंद करा म्हणणाऱ्या कॉपनं?

आर्वीचा_कॉप

ते मी सांगतो. १९५८ नंतर दहाच वर्षांत बेनफिकाले ४-१ हरवून युरोपियन कप आणला, तेही सांगतो. त्याले कोण हसते? मॅनेजर बस्बीनं टीम परत उभी केली, तेवढंच यायनं उचललं असतं तं आज एवढा धागा काढायची गरजच नव्हती. हसू येते ते स्टेटसवरच्या घड्याळाले.

लालभडक_दारव्हा

घड्याळावरून आठवलं, सगळ्यांनी लिहून ठेवा. शनिवारी २५ तारखेला युनायटेड-ब्रायटन रात्री १० ला, ब्रेंटफर्ड-लिव्हरपूल रात्री साडेबाराला. रविवारी पहाटे तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, म्हणजे त्यानंतर आपल्याकडं सगळ्या मॅच तासभर उशिरा. नेहमीची साडेसातची साडेआठला, दहाची अकराला. आर्सेनल-पॅलेस रविवारी संध्याकाळी साडेसात. ज्यांच्याकडं रात्रीची ओलिताची लाइन आहे त्यांनी डेटा पॅक आधीच मारून ठेवा, बांधावर रेंज फक्त विहिरीच्या बाजूनं येते.

आर्वीचा_कॉप

ब्रायटनसंगं हरले तं रविवारी स्टेटसवर कोणतं साल टाकणार, आत्ताच सांगून ठेवा.

लालभडक_दारव्हा

२००८. मॉस्कोतली चॅम्पियन्स लीग. तयारच आहे.