मदत हवी आहे: एक्सेल मॅक्रोच्या सेंडकीज मध्येच भरकटतात

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. सौद्याच्या नोंदी एक्सेलमधून जुन्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये सेंडकीजने (मॅक्रोतून आपोआप कळा दाबणारी आज्ञा) भरतो. ॲपॲक्टिव्हेटने विंडो पुढे आणतो, दोन सेकंद थांबतो, मग नाव, टॅब, रवे (गुळाच्या ढेपा), टॅब, दर, एंटर. आठ-दहा पट्ट्या (शेतकऱ्यांच्या हिशोबाची बिलं) झकास उतरतात आणि मध्येच रव्यांचा आकडा दराच्या रकान्यात जाऊन बसतो, नाहीतर सगळं एक्सेलच्याच शीटवर उमटतं. नमलॉकही आपोआप बंद होतो.

नावातले कंस सेंडकीजला खास खुणा वाटायचे, तो घोळ महिरपी कंस घालून सुटला. सेंडकीजचं वेट (कळांचं काम होईपर्यंत थांबणं) ट्रू करून फरक पडला नाही. प्रोग्रॅममध्ये इम्पोर्टची सोय नाही.

प्रत्येक कीआधी तीच विंडो पुढे आहे का, हे विंडोजच्या गेटफोरग्राउंडविंडो फंक्शनने कसं तपासायचं? चालू कोड असेल तर कृपया द्या. शेतकऱ्याच्या पट्टीत एका रव्याचीही चूक जायला नको.