मदत हवी आहे: जपानी दोजिन्शीत बॅटमॅन-वंडर वुमन का नसतात?

मंडळी, जपानच्या फॅन कॉमिक्सवर, म्हणजे दोजिन्शीवर थोडं वाचतोय. टोकियोत 1975 पासून कॉमिकेट, म्हणजे या दोजिन्शींचा मोठा बाजार भरतो, आता वर्षातून दोनदा, आणि तिथल्या अडल्ट स्टॉलवर बघावं तर सगळी अॅनिमे, मांगा नाहीतर गेममधलीच पात्रं, अमेरिकन कॉमिक्सवाली अगदी तुरळक, तीपण बहुतेक मार्वलचे सिनेमे बघून आलेली.

कॉपीराइटची भीती म्हणावी तर 1999 मध्ये पोकेमॉनच्या अडल्ट दोजिन्शीवरून तिथे अटकही झालीये, म्हणजे जपानी पात्रांचे कॉपीराइट मालकपण सोडत नाहीत की! मला वाटतं तिकडे अमेरिकन कॉमिक्स मुळात फार कमी लोक वाचतात, मग काढून विकणार कोणाला? की चित्रांची स्टाइलच जमत नाही? जपानी येणाऱ्यांनी जरा सांगा ना.