टसर पतंगाच्या कोशाविषयी मदत हवी आहे

नमस्कार. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला ऐनाच्या (म्हणजे माट्टीच्या, आपल्या राज्यवृक्षाच्या) मोडलेल्या फांदीवर फेब्रुवारीत टसर पतंगाचा (टसर रेशीम देणाऱ्या रानपतंगाचा) देठाने लोंबणारा, कठीण कवचाचा कोश मिळाला. कोरड्या ऋतूत कोशातील जीव सुप्तावस्थेत राहतो आणि पावसाळी दमटपणात पतंग बाहेर पडतो, हे ठाऊक असल्याने तो घरात टांगून ठेवला; परंतु जून सरत आला तरी हालचाल नाही. कोश जड लागतो, छिद्रही नाही. प्रौढ पतंग काहीच खात नाही आणि जेमतेम काही दिवस जगतो; त्यामुळे बंद घरात मादी निघाली, तर तिचा गंध नरापर्यंत कसा पोहोचणार, ही माझी खरी चिंता आहे. कोश आताच ऐनावर बांधावा, की पाणी शिंपडत घरातच वाट पाहावी? जाणकारांनी कृपया सांगावे.