मदत हवी आहे : कालव्यावरील जुन्या नॅरोबोटीचा विमा

नमस्कार. आम्ही पतीपत्नी इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर १९९४ साली बांधलेली ५७ फुटी पोलादी नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांबट, चिंचोळी बोट) विकत घेत असून वर्षभर तिच्यावरच राहणार आहोत. कालव्यावर बोट ठेवण्याच्या परवान्यासाठी बोटीचे सुरक्षा प्रमाणपत्र आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा बंधनकारक आहे, एवढे आम्हांला ठाऊक आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे.

बोट पाण्याबाहेर काढून केलेल्या तपासणीत तळाचा मूळ १० मिलिमीटरचा पत्रा ठीक निघाला. मात्र बाजूच्या पत्र्यावर पाण्याच्या रेषेलगत गंजाचे खड्डे असून एके ठिकाणी जाडी जेमतेम ४.३ मिलिमीटर उरली आहे. बहुतेक विमा कंपन्या ४ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी स्वीकारत नाहीत, त्यामुळे मन धास्तावले आहे. अशा बोटीचा सर्वसमावेशक विमा घेताना आधी वरून नवा पत्रा जोडून घ्यावा का? हळूहळू चढलेला गंज भरपाईतून वगळलेला असतो. मग लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या, दारे असलेल्या कप्प्यात) खाली उतरताना बोटीचा मागचा भाग दाराखालच्या उंबऱ्यावर अडकून ती बुडाली, तर ती वर काढण्याचा खर्च मिळतो का, आणि कायमच्या वास्तव्यामुळे अटी बदलतात का? ज्यांनी स्वतः असा विमा उतरवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.