प्लास्टिकचा रस्ता: आधी वाळवणीची शेड
‘वेंगुर्ल्यासारखं आपल्या नगरपरिषदेनेही रस्ते करताना टाकाऊ प्लास्टिक डांबरात घालावं’ ही इथे कुणीतरी केलेली सूचना चांगली आहे, पण प्लास्टिक थेट डांबरात जात नाही. खडी १६० ते १७० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर प्लास्टिकचा चुरा टाकतात, खडीवर पातळ लेप चढतो, मग डांबर. प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. पीव्हीसीचा (पाइप, फ्लेक्सचं प्लास्टिक) तुकडाही नको, तापला की विषारी वायू सुटतो.

खरी गोम धुण्या-वाळवण्यात. मासळीबाजारातल्या पिशव्या ओल्या, खारट, खवले नि वाळू चिकटलेल्या येतात. पावसाळ्यात त्या वाळता वाळत नाहीत आणि ओला चुरा खडीला धरत नाही. तेव्हा प्लास्टिकचा चुरा करणाऱ्या कटर मशीनच्या निविदेआधी पत्र्याची शेड मंजूर करून घ्या. ठेकेदार उलटंच सांगेल म्हणा!